एका वृत्तनिवेदिकेचा दावा

वार्ता सांगणाराचें रूप पाहून वार्तेची पारख करावी, असें उघडपणें कोणी म्हणणार नाहीं. पेशव्यांचे अखबारनवीस दिल्लीहून व हैदराबादेहून जीं पत्रें धाडीत, तीं पुण्यांत वाचणाराला लिहिणाराचें नाक सरळ कीं बसकें हें ठाऊक नसे, व तें जाणून घेण्याची त्यास इच्छाही नसे. पत्र वेळेवर आलें कीं नाहीं, आणि त्यांतील मजकूर पुढें खरा ठरला कीं नाहीं, एवढ्यावरच त्याची किंमत होई. पुढें छापखाना आला, वर्तमानपत्रें आलीं. तेथेंही बातमीला मुख नव्हतें. रेडिओनें तिला आवाज दिला. दूरचित्रवाणीनें मात्र बातमीला रोजचा, ओळखीचा असा एक चेहरा दिला, आणि चेहरा आला तसे त्याच्या मागोमाग वय, वर्ण, केस, वस्त्र आणि हास्य हे सर्व बातमीच्या बाजारांत येऊन बसले.

या नव्या बाजाराचा नियम काय आहे, आणि त्याची झळ कोणाला लागते, हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं अमेरिकेंतील क्रिस्टीन क्राफ्ट या बाईंची हकीकत अवश्य पाहावी. क्राफ्टबाई कांहीं जगप्रसिद्ध पत्रकार नव्हत्या. मध्य अमेरिकेंतील कॅन्सस सिटी नांवाच्या शहरीं एका केंद्रावर सायंकाळच्या बातम्या सांगण्याचें काम त्यांनीं उणेपुरे आठ महिने केलें. परंतु त्या आठ महिन्यांतून जो वाद उद्भवला तो तीन वर्षें न्यायालयांतून फिरत राहिला, आणि देशांतील सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन थांबला. त्या वादांत शेवटीं बाईंची हार झाली. तथापि कित्येक हारी अशा असतात कीं, त्यांच्या योगानें जिंकणाराच्या हातांतील मापाकडे लोकांचें प्रथमच लक्ष जातें. ही हार त्या जातीची आहे.

प्रथम तिकडील व्यवस्थेचें थोडें वर्णन केलें पाहिजे. त्यावांचून पुढील गोष्टींचा उलगडा होणार नाहीं. अमेरिकेंत दूरचित्रवाणीचें केंद्र हें बहुधा गांवोगांवचें खाजगी दुकान असतें. सरकार परवाना देतें आणि मालक नफा मिळवितो. राष्ट्रव्यापी जाळें चालविणाऱ्या मोठ्या कंपन्या करमणुकीचे बरेचसे कार्यक्रम पुरवितात. १९८० च्या सुमारास अशा प्रमुख कंपन्या तीन होत्या. सायंकाळच्या स्थानिक बातम्या हा मात्र केंद्राचा स्वतःचा माल. त्यांतील जाहिरातींचें उत्पन्न केंद्राच्याच पेटींत पडावयाचें. म्हणून ज्याच्या बातम्या अधिक घरीं पाहिल्या जातात, त्याच्यावर लक्ष्मी प्रसन्न असते. आतां गांव एक, तर बातम्याही बहुतेक एकच: नगरसभेची बैठक, कोठें लागलेली आग, वादळाचा इशारा. मग प्रेक्षकानें एक केंद्र सोडून दुसरें कां पाहावें? या प्रश्नाचें जें उत्तर धंद्यानें शोधून काढलें तें म्हणजे बातम्या सांगणारें माणूस.

या माणसाला तिकडे ‘अँकर’ म्हणतात. अँकर म्हणजे नांगर. १९५२ सालीं अमेरिकेंतील राजकीय पक्षांचीं मोठीं अधिवेशनें भरलीं, तेव्हां वॉल्टर क्रॉंकाइट यांनीं एके जागीं बसून चोहोंकडून येणाऱ्या वार्ता एका सूत्रांत गुंफिल्या. त्या वेळेपासून हा शब्द रूढ झाला. शब्दांत अभिप्रेत असलेला गुण स्थैर्याचा आहे. परंतु धंदा वाढला तसा हा अर्थ पालटूं लागला. १९६५ मध्यें फिलाडेल्फिया येथील एका केंद्रानें ‘आयविटनेस न्यूज’ या नांवाखालीं बातमीदारांना स्वतः पडद्यावर आणून बोलतें केलें, आणि ती तऱ्हा देशभर पसरली. आयोवा प्रांतांत १९५७ सालीं फ्रँक मॅगिड या गृहस्थानें लोकांचे कल मोजणारी एक पेढी काढली होती. पुढें ही पेढी व तिच्यासारख्या इतर पेढ्या गांवोगांवच्या केंद्रांना सल्ला विकूं लागल्या. कोणती बातमी किती लांब असावी, निवेदकांनीं आपसांत थट्टामस्करी किती करावी, कोणाचा चेहरा लोकांना रुचतो आणि कोणाचा रुचत नाहीं, या सर्वांचे कोष्टक तयार होऊं लागलें. पूर्वीं संपादक आपल्या अंदाजानें जें ठरवी, तें आतां आंकड्यांनीं ठरूं लागलें. आणि आंकड्यांशीं हुज्जत घालणें कोणालाही कठीण जातें.

याच सुमारास बातम्यांच्या खोलींत स्त्रियांचा प्रवेश होत होता. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें नोकरींत स्त्रीपुरुषभेद करण्यास बंदी घातली. १९७१ मध्यें परवाने देणाऱ्या सरकारी आयोगानें नोकरींतील समान संधीचे आपले नियम स्त्रियांनाही लागू केले. १९७६ सालीं बार्बरा वॉल्टर्स या बाई वर्षास दहा लक्ष डॉलरांच्या कराराने एका राष्ट्रीय जाळ्याच्या सायंकाळच्या बातम्यांत सहनिवेदिका झाल्या, तेव्हां त्या बातमीचीच मोठी बातमी झाली. स्थानिक केंद्रांतूनही पुरुष आणि स्त्री यांची जोडी बसविण्याची चाल पडली. त्या जोडींत पुरुष बहुधा वयानें पोक्त असे आणि स्त्री तरुण असे. पुरुषाच्या कानशिलावरील रुपेरी केस हें त्याच्या अनुभवाचें प्रशस्तिपत्र समजलें जाई. स्त्रीच्या केसांत तेंच रूपें दिसूं लागलें कीं त्याचा अर्थ निराळा होई. दार उघडलें होतें हें खरें. परंतु उंबऱ्यावर एक आरसा टांगलेला होता, आणि आंत येणाऱ्या स्त्रीला त्यांत पाहूनच पुढें पाऊल टाकावें लागे.

क्राफ्टबाई कॅलिफोर्नियांतील सांता बार्बरा या समुद्रकांठच्या गांवच्या. समुद्राच्या लाटांवर फळीवरून तरंगत जाण्याचा जो खेळ तिकडे आहे, त्याचा त्यांना फार नाद. कांहीं काळ शिक्षिकेचें काम केल्यावर तिशीच्या उंबरठ्यावर त्या या धंद्यांत आल्या. प्रथम सॅलिनास येथें हवामानाची वार्ता सांगणें, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या केंद्रावर काम, अशी त्यांची चढती कमान होती. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत सी. बी. एस. या राष्ट्रीय कंपनीनें स्त्रियांच्या क्रीडांविषयीं एक कार्यक्रम त्यांच्याकडे सोंपविला. येथेंच त्यांना पहिला चटका बसला. कंपनीनें त्यांचे काळसर केस रसायनानें पांढुरके पिवळे करविले, भुवयांना रंग दिला, आणि एका निराळ्याच बाईला पडद्यावर उभें केलें. खेळाविषयींचें आपलें ज्ञान हें आपलें भांडवल आहे अशा समजुतीनें त्या गेल्या होत्या. तेथें भांडवल म्हणून त्यांच्या डोक्यावरील केस मोजले गेले. तें काम संपल्यावर त्या सांता बार्बरास परत आल्या आणि तेथील केंद्रावर बातमीदारी व निवेदन करूं लागल्या.

१९८० च्या अखेरीस कॅन्सस सिटीच्या के. एम. बी. सी. या केंद्राकडून त्यांना बोलावणें आलें. हें केंद्र त्या वेळीं मेट्रोमीडिया या कंपनीच्या मालकीचें होतें. त्याच्या बातम्या एकच पुरुष निवेदक सांगत असे; त्यांत कांहीं मार्दव आणण्यासाठीं त्याच्या जोडीस एक स्त्री बसवावी असें चालकांनीं ठरविलें होतें. हा ‘मार्दवा’चा हेतु पुढें न्यायालयाच्या कागदपत्रांतच नमूद झाला आहे, आणि तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बाईंचें म्हणणें असें कीं, नोकरी पत्करण्यापूर्वींच आपण चालकांना सी. बी. एस. मधील अनुभव सांगितला होता, आणि आपलें रूप पालटण्याचा बेत असेल तर आपण येणार नाहीं असें बजावलें होतें. चालकांनीं पत्रकार म्हणूनच आपणांस घेत असल्याचें आश्वासन दिलें, असें त्या म्हणत. पहिल्या वर्षास पस्तीस हजार डॉलर अशा बोलीवर दोन वर्षांचा करार झाला, आणि १९८१ च्या जानेवारींत छत्तीस वर्षांच्या क्राफ्टबाई कामावर रुजू झाल्या.

थोड्याच दिवसांत सल्लागार आले. डॅलस येथील एका सल्लागार पेढीच्या बाईनें रंगरंगोटी कशी करावी हें शिकविलें. वस्त्रें कशीं निवडावीं यासाठीं शहरांतील एका मोठ्या वस्त्रभांडाराची मदत घेण्यांत आली. तेवढ्यानेंही समाधान होईना, तेव्हां महिन्याच्या कोणत्या दिवशीं कोणतें जाकीट, कोणता सदरा घालावयाचा याचें एक कोष्टकच करून देण्यांत आलें. आपल्याकडे पंचांगांत वार आणि नक्षत्र पाहून प्रस्थान ठेवण्याची चाल आहे. या बाईंना पंचांग पाहून पोशाख करावा लागे, एवढाच फरक. त्यांच्याशेजारीं बसणाऱ्या पुरुष निवेदकालाही पोशाखाविषयीं सूचना मिळत, आणि पुढें न्यायालयांत केंद्रानें हा मुद्दा पुढें केला. परंतु त्याच्या हातीं कोणी असें पंचांग दिलें नव्हतें.

त्या उन्हाळ्यांत सल्लागारांनीं निवडक प्रेक्षकांच्या बैठका भरविल्या. लोकांना चित्रफीत दाखवावयाची आणि त्यांचीं मतें विचारावयाचीं, असा हा प्रकार असतो. या बैठकांतील प्रश्नांचा सूर कसा होता तें खटल्यांत उघड झालें. बाई कुरूप आहेत काय, या अर्थाचा प्रश्न ज्या हिणकस शब्दांत विचारला गेला, तो ऐकून न्यायालयांतील मंडळी थक्क झाली. त्यानंतर शेंकडों प्रेक्षकांना दूरध्वनीनें प्रश्न विचारण्यांत आले. उत्तरांचें सार बाईंना प्रतिकूल होतें. १४ ऑगस्ट १९८१ रोजीं वृत्तविभागाचे प्रमुख रिज शॅनन यांनीं त्यांना बोलावून निवेदिकेच्या जागेवरून दूर करीत असल्याचें सांगितलें. पगार तोच राहील, बातमीदार म्हणून काम करावें, असा त्यांचा प्रस्ताव होता. बाईंच्या साक्षीप्रमाणें शॅनन यांनीं कारण असें सांगितलें कीं, त्यांचें वय फार झालें आहे, त्या दिसावयास चांगल्या नाहींत, आणि पुरुषांशीं त्या पुरेशा अदबीनें वागत नाहींत. आपण असें बोललोंच नाहीं, असें शॅनन यांचें म्हणणें होतें.

या तीन दोषांकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें. पहिले दोन निदान शरीराविषयींचे आहेत. तिसरा दोष स्वभावाचा आहे, आणि तो पहिल्या दोहोंवर प्रकाश पाडतो. पुरुष सहकाऱ्याला एखाद्या सामन्यांतील नियम ठाऊक नसेल आणि स्त्रीला तो ठाऊक असेल, तर तिनें तो न सांगतां स्मित करावें, ही अपेक्षा बातमीच्या उपयुक्ततेंतून निघालेली नाहीं. ज्ञान हाच ज्या धंद्याचा माल, तेथें ज्ञान दाखविणें हें बेअदबी ठरावें, यांतील विपरीतपणा सांगावयास भाष्यकार नको.

क्राफ्टबाईंनीं बातमीदाराची जागा पत्करली नाहीं. त्या गांवीं परत गेल्या, आणि १९८३ च्या आरंभीं त्यांनीं मेट्रोमीडियावर दावा लावला. त्यांत मुख्य आरोप तीन होते: स्त्री म्हणून आपणांस निराळें माप लावलें; समान कामास समान वेतन दिलें नाहीं; आणि रूप पालटणार नाहीं असें भासवून आपली फसवणूक केली. ऑगस्ट १९८३ मध्यें कॅन्सस सिटी येथील ज्यूरीनें फसवणुकीच्या आरोपावर त्यांच्या बाजूनें कौल दिला आणि पांच लक्ष डॉलरांची भरपाई ठरविली. लिंगभेदाच्या प्रश्नावरही ज्यूरीचें मत त्यांना अनुकूल होतें. वेतनाचा मुद्दा मात्र टिकला नाहीं. देशभर या निकालाचा मोठा गाजावाजा झाला. परंतु लिंगभेदाच्या प्रश्नावर ज्यूरीचें मत केवळ सल्ल्यापुरतें होतें, निर्णय न्यायाधीशांचा. न्यायाधीश जोसेफ स्टीव्हन्स यांनीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तो प्रश्न कंपनीच्या बाजूनें सोडविला, आणि फसवणुकीच्या मुद्द्यावरील भरपाई रद्द करून नवी चौकशी फर्माविली. पहिल्या चौकशीच्या वेळीं प्रसिद्धीचा जो कल्लोळ माजला होता, तोही त्यांनीं आपल्या कारणांत धरला. जानेवारी १९८४ मध्यें मिझुरी प्रांतांतील जॉप्लिन या लहान गांवीं दुसरी ज्यूरी बसली. तिनेंही बाईंचें म्हणणें खरें मानून सव्वातीन लक्ष डॉलर देवविले. याप्रमाणें निरनिराळ्या दोन गांवच्या दोन ज्यूरींनीं, म्हणजे सामान्य नागरिकांनीं, त्यांच्यावर विश्वास ठेविला. १९८५ च्या जूनमध्यें अपील न्यायालयानें हा दुसरा निकालही फिरविला. फसवणूक सिद्ध करण्यास पुरावा अपुरा आहे असें म्हटलें, आणि लिंगभेदाविषयीं न्यायाधीश स्टीव्हन्स यांचा निर्णय कायम केला. १९८६ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण हातीं घेण्याचें नाकारलें. तें ऐकून घ्यावें असें मत नऊ न्यायाधीशांपैकीं एकाचेंच नमूद झालें आहे. तें मत सॅन्ड्रा डे ओ’कॉनर यांचें, आणि त्या न्यायालयांत त्या वेळीं त्या एकच स्त्री होत्या. क्राफ्टबाईंना शेवटीं एक छदामही मिळाला नाहीं.

आतां प्रतिपक्षाची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे; ती अगदींच पोकळ नाहीं. केंद्राचें म्हणणें असें होतें कीं, पडद्यावर येणाऱ्या माणसाचें दिसणें हा कामाचाच एक भाग आहे. दिव्यांच्या प्रकाशांत कांहीं रंग भडक होतात, कांहीं कापडांचीं नक्षी डोळ्यांपुढें नाचूं लागते, आणि प्रेक्षकाचें ध्यान बातमीवरून उडतें. पुरुषांनाही आम्ही सांगत असूं. कोणाला केस कापावयास, कोणाला वजन उतरवावयास. कॅन्सस सिटीचा प्रेक्षक कॅलिफोर्नियाच्या प्रेक्षकाहून अधिक जुन्या वळणाचा, त्याला अघळपघळ वेष खपत नाहीं. अपील न्यायालयानेंही कबूल केलें कीं, स्त्रीसुलभ मार्दवावर आणि वस्त्रांच्या झालरीफितींवर कांहीं भर दिला गेला असेल. परंतु तो आनुषंगिक होता, आणि खरा रोख पोशाखांतील नेटकेपणावर व सुसंगतीवर होता. दोघांनाही माप लावलें होतें. तें कालमानाप्रमाणें व गांवच्या रुचीप्रमाणें होतें. तेव्हां त्यांत पक्षपात नाहीं, असा एकंदर युक्तिवाद.

या युक्तिवादाचें सगळें बळ ‘गांवची रुचि’ या दोन शब्दांत आहे. दुकानदारानें गिऱ्हाइकाची आवड पाहूं नये असें कोण म्हणेल? पण गिऱ्हाइकाची आवड हें प्रत्येक गोष्टीचें समर्थन होऊं शकतें काय? याच देशांत १९७१ सालीं एका दुसऱ्या अपील न्यायालयापुढें असा प्रश्न आला होता. पॅन अमेरिकन या विमान कंपनीनें प्रवाशांच्या सेवेसाठीं स्त्रियाच नेमावयाच्या असें ठरवून डियाझ नांवाच्या एका पुरुषाचा अर्ज फेटाळला होता. प्रवाशांना स्त्रियाच आवडतात, हें कंपनीनें पाहणी करून दाखविलें. न्यायालयानें उत्तर दिलें तें असें कीं, गिऱ्हाइकांचे पूर्वग्रह मोडावे म्हणूनच तर कायदा झाला. त्या पूर्वग्रहांनाच कायद्याची ढाल करूं दिली तर कायदा उरला कोठें? विमानाचें काम प्रवाशाला सुखरूप पोहोंचविणें हें आहे. सेवकाचें स्त्रीत्व त्या कामाचें मर्म नव्हे.

हीच कसोटी वृत्तनिवेदनाला लावली तर काय दिसतें? निवेदकाचें मर्म बातमी जाणणें, ती स्पष्ट सांगणें आणि सांगतांना विश्वासास पात्र राहणें हें आहे. क्राफ्टबाई यांपैकीं कशांत उण्या होत्या, असा त्यांना काढण्याचा आधार नव्हता. बातमीदार म्हणून त्याच केंद्रानें त्यांना त्याच पगारावर ठेवावयाची तयारी दाखविली, यांतच तें आलें. डियाझच्या प्रकरणांत सबंध पुरुषजातीला दार बंद होतें, म्हणून अन्याय उघडा दिसला. येथें दार बंद नव्हतें. आंत आलेल्या स्त्रीनें कसें दिसावें व कसें वागावें एवढीच अट होती. उघडी बंदी कायद्याला दिसते, आणि अट त्याच्या नजरेंतून निसटते. ती अट पुरुषालाही होती असें म्हटलें कीं ती निःपक्षपाती वाटूं लागते. परंतु एकच तराजू दोघांपुढें धरिला, तरी एकाच्या पारड्यांत बातमीचें वजन घातलें आणि दुसरीच्या पारड्यांत केसांचें, तर तराजूच्या सारखेपणाचा उपयोग काय?

आमच्या मतें या खटल्याचा खरा बोध येथें आहे. एखादा चालक स्वतःच्या मर्जीनें म्हणाला असता कीं, मला वयस्क बाई नको, तर त्याला पक्षपाती ठरविणें सोपें गेलें असतें. परंतु त्यानें शेंकडों लोकांना विचारलें, उत्तरें मोजलीं, आणि त्या आंकड्यांचा कागद पुढें केला. आतां पक्षपात कोणाचा? चालक म्हणतो, मी केवळ मोजणारा. प्रेक्षक म्हणतो, मी केवळ विचारलें त्याचें उत्तर दिलें. सल्लागार म्हणतो, मी केवळ विचारणारा. तिघेही निर्दोष, आणि बाईची जागा गेली ती गेलीच. पूर्वग्रह पुष्कळांचा आहे हें सिद्ध झालें म्हणजे तो न्याय्य ठरत नाहीं. तो फक्त पुष्कळांचा ठरतो. गांवकुसाबाहेर कोणाला ठेवावें याविषयीं आपल्याकडे गांवाचें मत घेतलें असतें, तर शेंकडों वर्षें तें एकाच बाजूला पडलें असतें. मोजणीनें मताचा विस्तार कळतो, त्याची योग्यता कळत नाहीं. हा भेद कॅन्सस सिटीच्या प्रकरणांत न्यायालयानें जितक्या काटेकोरपणें पाहावयास पाहिजे होता तितका पाहिला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

काळानें यांतील कांहीं भाग दुरुस्त केला. सर्वोच्च न्यायालयानें बाईंचें दार लोटलें त्याला तीनच वर्षें झालीं होतीं. १९८९ मध्यें त्याच न्यायालयापुढें अ‍ॅन हॉपकिन्स यांचें प्रकरण आलें. हिशेबतपासनिसांच्या एका विख्यात पेढींत भागीदारी मागणाऱ्या या बाईंना सल्ला मिळाला होता कीं, त्यांनीं अधिक बायकी चालीनें चालावें, बायकी बोलावें, रंग लावावा, केस नीट करवावे, दागिने घालावे. स्त्रीनें कसें असावें याविषयींचा ठरीव सांचा मनांत धरून नोकरीचा निर्णय करणें हा लिंगभेदाचाच पुरावा होऊं शकतो, असें न्यायालयानें म्हटलें. क्राफ्टबाईंची ‘पुरेशी अदब नाहीं’ ही तक्रार या नव्या कसोटीपुढें कशी टिकली असती, याचा विचार वाचकांनींच करावा.

तथापि दूरचित्रवाणीच्या पडद्यापुढें हा आरसा अद्याप टांगलेलाच आहे. २०१९ मध्यें न्यूयॉर्क शहराच्या एन. वाय. वन या स्थानिक वृत्तवाहिनीवरील पांच निवेदिकांनीं, ज्यांत दीर्घकाळ काम केलेल्या रोमा टोरे या होत्या, वय आणि लिंग यांवरून आपणांस मागें सारल्याचा दावा लावला. २०२० च्या अखेरीस तडजोड झाली आणि त्या पांचही जणींनीं वाहिनी सोडली. २०२२ मध्यें कॅनडांतील सी. टी. व्ही. या जाळ्यानें लिसा लाफ्लॅम या अठ्ठावन वर्षांच्या मुख्य निवेदिकेचा करार अकालीं संपविला. रोगाच्या साथीच्या काळांत त्यांनीं केसांना रंग लावणें सोडून दिलें होतें. निर्णयाचा त्यांच्या केसांशीं संबंध नाहीं असें कंपनीनें सांगितलें. तरी देशांत जी चर्चा झाली ती केसांचीच झाली. कॅन्सस सिटीच्या बाईंनीं चाळीस वर्षांपूर्वीं जें शब्दांत पकडलें नसतें, तर असल्या प्रसंगीं लोकांनीं काय शंका घ्यावी हेंही त्यांना सुचलें नसतें.

क्राफ्टबाईंचें पुढील आयुष्य खचलेल्या माणसाचें नाहीं. त्यांनीं गांवोगांव व्याख्यानें दिलीं. १९८८ मध्यें त्यांचें जें आत्मवृत्त प्रसिद्ध झालें, त्याला त्यांनीं त्याच तीन दोषांचें नांव दिलें. शिवीचें बिरूद करून मिरविण्याची ही रीत मोठी मानी आहे. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो या राजधानींत त्यांनीं पुन्हां बातम्या सांगितल्या. पुढें त्यांनीं कायद्याचा रीतसर अभ्यास करून पदवी मिळविली, आणि रेडिओवरील चर्चांच्या कार्यक्रमांतून त्या अनेक वर्षें बोलत राहिल्या. ज्या न्यायालयांतून त्या रिकाम्या हातानें परतल्या, त्याची विद्याच त्यांनीं हस्तगत केली. आणि ज्या चेहऱ्यावरून वाद माजला तो चेहरा जेथें कोणास दिसत नाहीं, अशा जागीं बसून त्यांनीं लोकांना आपलें म्हणणें ऐकविलें.

त्यांच्यावर विजय मिळविणाऱ्या मेट्रोमीडियानें कॅन्सस सिटीचें केंद्र १९८२ सालींच विकून टाकलें होतें. १९८६ मध्यें तिचीं उरलेलीं बरीचशीं केंद्रेंही रूपर्ट मर्डॉक यांच्या हातीं गेलीं, आणि कंपनीचें नांव त्या पडद्यावरून पुसलें गेलें. त्या आठ महिन्यांत केंद्रानें कोणत्या बातम्या दिल्या, हें आज कोणाच्या स्मरणांत नसेल. ज्या बाईंना त्यानें दूर केलें, त्यांचें नांव मात्र कायद्याच्या ग्रंथांत आणि पत्रकारितेच्या वर्गांत अजून घेतलें जातें. सायंकाळीं दिवा लागल्यावर आपण सर्व जण त्या पडद्यापुढें बसतों, आणि कोणता चेहरा आवडतो, कोणता नाहीं, हें सहज बोलून जातों. तें सहज बोललेलें कोठें तरी मोजलें जातें, कोणाच्या तरी नोकरीच्या कागदावर चढतें. ज्यूरीच्या बाकावर बसण्याची पाळी क्वचित् येते. हा कौल मात्र आपण रोज देत असतों.